चौतीस रकान्यांचा फॉर्म

पांढरकवडा,
रविवार, 18 जानेवारी 2026

ती. ताईस,


काल रात्री शिबिराहून परत आलो. आवाज पार बसलाय आणि स्वेटरला शेकोटीच्या धुराचा वास आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर, पन्नास पोरं-पोरी, जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्या. टिपेश्वरचं वाघांचं अभयारण्य जवळ, म्हणून अंधार पडल्यावर कुणी बाहेर जायचं नाही, हा पहिला नियम. बाकी सगळं तू पाहिलेलंच आहेस: सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी नकला आणि गाणी. आणि मधल्या वेळात सर्वेक्षण.

हा सर्वेक्षणाचा फॉर्म माझाच. पाच वर्षांपूर्वी केला, चौतीस रकान्यांचा. नाव, जात, जमीन, शौचालय. कर्ज किती, बँकेचं की सावकाराचं. घरात कोणाला कोणता आजार, दारू कोण पितं. तेव्हा मला त्या फॉर्मचा केवढा अभिमान होता! कायदा शिकवणारा माणूस, पण दुसऱ्याच्या घरातलं विचारताना कधी जीभ अडखळली नाही.

बुधवारी आम्ही कोलामांच्या वस्तीवर, पोडावर गेलो. पोरींनी फॉर्म काढले. अंगणात तुरीच्या शेंगा बडवत बसलेल्या एका म्हाताऱ्या आजीने हात न थांबवता विचारलं, "मागल्या सालीबी तुमच्यावानी पोरं आल्ती. लिवून नेलं. त्या कागदाईचं काय केलं जी?"

पोरींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कॉलेजात आहेत, आजी." आजीने मान हलवली आणि नाव सांगायला लागली.

ते खरं नव्हतं, हे मला त्याच रात्री शेकोटीपाशी कळलं. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, रागावू नका. हिवाळी परीक्षेत माझ्या बाकावर आसन क्रमांकाची चिठ्ठी होती ना, ती तुमच्या फॉर्मवरच लिहिलेली होती." कपाटातला गठ्ठा कोणीतरी पाठकोरा कागद म्हणून उचलला, फाडून चिठ्ठ्या केल्या, बाकांना चिकटवल्या. याच्या चिठ्ठीचं टोक सुटलं होतं. वेळ जाईना म्हणून त्याने उलटून पाहिलं. मागे बारीक अक्षरात होतं: टीबी, औषध अर्धवट सोडले. वर नावही होतं. पोराने नाव मला सांगितलं नाही. माझ्यापेक्षा त्याला कायदा जास्त कळला, असं वाटलं.

कपाट माझ्या ताब्यातलं. किल्ली माझ्याकडे असते, पण कुलूप मी लावत नाही. दुसऱ्या कुणाच्या माथी हे मारता येत नाही.

टिपेश्वरचा तो वाघ तुला आठवतो? 2019 साली गळ्यात कॉलर घेऊन निघाला आणि तीनेक हजार किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. त्याचा रस्ता आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. आणि कपाटातून चार भिंतींच्या आत फिरलेले माझे कागद कुठे गेले, ते मला ठाऊक नव्हतं.

गुरुवारचं बौद्धिक माझंच होतं, विषय आधीच छापलेला: खासगीपणाचा हक्क. सांगायला गोष्ट चांगली आहे. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मूलभूत ठरवला. पुट्टस्वामी खटला. त्या नवांत आपले नागपूरचे शरद बोबडे होते. धनंजय चंद्रचूड होते, ज्यांनी आणीबाणीतल्या 1976 च्या निकालात बहुमताच्या बाजूने असलेल्या आपल्याच वडिलांचं मत चुकीचं ठरवलं. इथे पोरं नेहमी टाळ्या वाजवतात, याही वेळी वाजवल्या. पण मला दुसरी गोष्ट सांगायची होती. खासगीपण हा सुखवस्तूंचा चोचला आहे, गरिबाला आधी भाकरी हवी, असा सूर त्या कोर्टातही लागला होता. घटनापीठाने तो मानला नाही. मी मात्र पाच वर्षं पोडावर तोच मानत आलो होतो.

एका पोरीने लगेच पकडलं. "सर, 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा तर डिजिटल माहितीला आहे. आपले फॉर्म कागदी." बरोबर. कागदावर आहे तोवर तो कायदा लागत नाही. पण मागच्या वर्षी आम्ही भरलेल्या फॉर्मचे फोटो काढून शिबिराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले होते, "आजचे काम" म्हणून. तिथे कागदाचा डिजिटल झाला. मग दुसरा म्हणाला, संशोधनाला सूट आहे. आहे, अटींसकट. पण ताई, ते संशोधन तरी होतं का? त्या फॉर्मांवर मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. त्या कायद्याचे नियम गेल्या नोव्हेंबरात आले, बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. मुदत सगळ्यांनाच आहे, पण मी ती कोणत्या तोंडाने मागू?

एक गोष्ट मात्र मला मुळीच पटलेली नाही. याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8 मधली तरतूद बदलली. पूर्वी खासगी माहिती नाकारताना जनहित तोलावं लागे, त्या कलमात आता नुसतं खासगी म्हटलं की झालं. जनहिताचा दुसरा दरवाजा कायद्यात आहे, पण तो गावातल्या माणसाने कुठे ठोठावायचा? घरकुलाची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलीच पाहिजे, त्याशिवाय सरपंचाच्या साडूला घर मिळालं हे कळणार कसं? झाकायची ती कुणाची तरी टीबी. इथे यादी झाकली जाईल आणि टीबी बाकावर चिकटेल, अशी मला भीती वाटते.

आपल्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव. बाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत, पण उत्तरं लिहून नेत नसत. हे मला शनिवारी, समारोपाच्या भाषणात सुचलं आणि तिथेच गिळलं. टाळ्या पडल्या असत्या.

शुक्रवारी आम्ही पुन्हा पोडावर गेलो. आजीला खरं काय ते सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. "मंग यंदा काऊन लिवता?" एवढंच म्हणाली. उत्तर नव्हतं, तिचा फॉर्म तिच्या हातात दिला. तिने तो घडी करून कुडाच्या फटीत खोचला.

परत येताना पोरांबरोबर बसून रकाने खोडले. चौतीसचे सात राहिले. आजार, कर्ज, दारू गेली. वर एक वाक्य घालायचं ठरलं. कायदा म्हणतो, संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळाली पाहिजे. मराठी त्यात आहे. गोंडी नाही, कोलामी नाही. आणि माझ्या पन्नास पोरांत कोलामी येणारं एकही नाही.

तू आश्रमशाळेत एवढी वर्षं काढलीस, पोरांशी त्यांच्या बोलीत भांडायचीस. म्हणून विचारतो. "नाही म्हणालात तरी चालेल" हे कोलामीत कसं म्हणतात, तेवढं फोनवर बोलून पाठव. लिहू नकोस, तुझ्या आवाजातच पाठव. पोरं पाठ करतील.

तुझा,
धाकटा