बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत तीन दिवस

सोलापूर सुटले की उद्यान एक्स्प्रेस कलबुर्गीच्या दिशेने धावू लागते आणि खिडकीबाहेर तुरीची राने सुरू होतात. आमचे आडतीचे दुकान कडधान्याचे. त्यामुळे या पट्ट्यातील तूर आम्ही जन्मभर पोत्यात पाहिली, शेतात क्वचितच. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही आमच्यापर्यंत पोहोचले ते भावाच्या बोलीतून. पावसाळा सरत आला होता. काळ्या रानात कमरेएवढी हिरवी तूर उभी होती. फुलोऱ्याला अजून अवकाश होता.

मी व्यापारासाठी निघालो नव्हतो. माझी धाकटी मुलगी जीवशास्त्रात पीएच.डी. करते. बंगळुरूला तरुण संशोधकांच्या परिषदेत तिला आपले काम मांडायचे होते आणि "पप्पा, एकदा येऊन बघा तरी," असा तिचा आग्रह होता. मी होकार दिला, पण मनात वेगळाच बेत होता. घरी एक चांगले स्थळ सांगून आले होते. दुकानात थोरल्या मुलाला एकट्याला ओढाताण होत होती. तुरीच्या फुलांवर बसणाऱ्या माश्या मोजण्यात तिची तीन वर्षे गेली होती. आता हे आवरते घे, असे तिला समोरासमोर सांगावे, म्हणून मी निघालो होतो.

सकाळी बंगळुरूला उतरून भारतीय विज्ञान संस्थेच्या दाराशी पोहोचलो. बाहेर वाहनांचा कल्लोळ आणि आत पाऊल टाकताच गर्द झाडी. म्हैसूर दरबाराने या संस्थेसाठी ३७१ एकर जमीन दिली. शहर चहूबाजूंनी वाढले, तरी आतले रान बरेचसे टिकून आहे. या आवारात लाजवंती नावाचा छोटा निशाचर प्राणी राहतो. मोठ्या डोळ्यांच्या या जिवाला कन्नडमध्ये ‘काडुपापा’, म्हणजे रानातले बाळ, म्हणतात. आम्हाला तो दिसला नाही, पण आपल्या डोक्यावरच्या फांदीत तो असू शकतो, या कल्पनेनेच तिथले चालणे बदलते.

मुख्य दगडी इमारतीसमोर जमशेटजी टाटांचा पुतळा आहे. तिथे मी बराच वेळ थांबलो. या संस्थेची कल्पना त्यांची आणि त्यासाठी संपत्तीचा मोठा वाटा काढून ठेवला तोही त्यांनीच. पण संस्था उभी राहिली १९०९ मध्ये आणि जमशेटजी निवर्तले १९०४ मध्ये. एका व्यापाऱ्याने केलेली ही गुंतवणूक, आणि तिचा परतावा पाहायला तो स्वतः नव्हता.

परिषदेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. केंब्रिज विद्यापीठात २००० साली संवर्धनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक परिषद सुरू झाली. तिचीच ही धाकटी बहीण २०१० पासून बंगळुरूत भरते. तिची रीत मला आवडली. निबंध मांडतात ते विद्यार्थी. नामवंत शास्त्रज्ञ मोजकी व्याख्याने देतात आणि एरवी श्रोत्यांत बसून प्रश्न विचारतात. कोणी बेडकांच्या आवाजांवर बोलत होते, कोणी उसात वावरणाऱ्या बिबट्यांवर. बाहेर मांडलेल्या भित्तिपत्रकांपाशी उभी असलेली मुले येणाऱ्याजाणाऱ्याला आपले काम समजावून सांगत होती. त्यांच्या उत्साहात आणि बाजारात नमुना हातावर घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाच्या उत्साहात मला फारसा फरक दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीची पाळी आली. मी शेवटच्या रांगेत बसलो. तिचा प्रश्न साधा होता. ज्या शेतांच्या बांधावर झाडी आणि गवत राखले आहे, तिथे मधमाश्या व भुंगे अधिक येतात का, आणि आले तर तुरीला शेंगा अधिक धरतात का? एकाच झाडाच्या काही फांद्यांना तिने जाळीच्या पिशव्या बांधल्या होत्या, म्हणजे तिथे माशी पोहोचू नये. बाकीच्या फांद्या मोकळ्या ठेवल्या. मग दोन्हींकडच्या शेंगा मोजल्या. असे दोन हंगाम.

निष्कर्ष सांगताना तिचा आवाज जरा खाली आला. बांध राखलेल्या शेतांत माश्या अधिक आल्या, पण शेंगांत म्हणावा तसा फरक आढळला नाही. तुरीच्या फुलात बहुतांशी स्वपरागीभवन होते, हे त्याचे एक कारण असू शकते, असे ती म्हणाली. माझ्या मनात आले, दोन हंगामांचा खर्च आणि हाती काही नाही.

तेवढ्यात एका वयस्कर प्राध्यापिकेने विचारले, "पिशवीमुळे माशी अडली, तशी शेंगा पोखरणारी अळीही अडली असेल. मग मोकळ्या फांदीवर माशीने दिलेले अळीने खाल्ले नसेल कशावरून?"

सभागृह शांत झाले. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हे मी वेगळे मोजलेले नाही. मोजायला हवे होते. पुढच्या हंगामात मोजेन."

कोणी हसले नाही. उलट मागून एकाने सुचवले की, पिशवीतल्या काही फुलांना हाताने पराग लावून पाहा, म्हणजे दोन्ही गोष्टी निराळ्या होतील. तिने ते टिपून घेतले. मला प्रश्न पुरता समजला होता. जमा आणि खर्च एकाच रकान्यात मिसळले होते, म्हणून बाकी शून्य दिसत होती. माझे वडील सांगत, वहीत तोटा लपवला की पेढी बुडायला सुरुवात होते. दीडदोनशे अनोळखी माणसांसमोर आपल्या हिशेबातली उणीव इतक्या सरळपणे कबूल करायला मी स्वतः किती वेळा धजलो असेन?

संध्याकाळी आम्ही दोघे झाडांखालून चालत निघालो. तिने मला कमला सोहोनींची हकीकत सांगितली. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, लेखिका दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ मध्ये त्यांनी याच संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पारखून घेण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला आणि पुढे इतर मुलींसाठीही दार उघडले. येथे त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

ज्या डाळींवर आमचे घर चालले, त्यांच्यावर एका मराठी मुलीने याच आवारात संशोधन केले होते, आणि मला ते ठाऊक नव्हते. तिला अडवणारे संस्थेचे संचालक होते. माझ्या मुलीला अडवायला तिचा बाप रात्रभर प्रवास करून आला होता. सांगायचे ठरवलेले माझ्याने बोलवेना.

ती म्हणाली, "पप्पा, आजचा प्रश्न अवघड होता ना?"

मी म्हणालो, "रास्त होता. पुढच्या हंगामात तुला किती शेते लागतील?"

तिला आणखी दहा-बारा शेते हवी होती. अनोळखी शेतकरी पिशव्या बांधू देत नाहीत, ही तिची मुख्य अडचण. आमच्याकडे वर्षानुवर्षे माल आणणारे शेतकरी आहेत. परतल्यावर त्यांतील अकरा जणांशी मी स्वतः बोललो. नऊ जण तयार झाले. पाहुण्यांना कळवले की, मुलीचे शिक्षण पुरे होईपर्यंत विचार नाही. त्यांनी दुसरीकडे संबंध जुळवला. घरात काही दिवस अबोला राहिला, हेही लपवत नाही. दुकानात एक नवा गुमास्ता ठेवला आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज अशा विषयांत आहेत, ज्यांची नावेही आपल्याला नीट उच्चारता येत नाहीत. त्यांना निबंध मांडायला कुठे बोलावणे आले, तर एकदा सोबत जा आणि शेवटच्या रांगेत बसा. निष्कर्ष कळला नाही तरी चालेल. त्यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांनी दिलेली उत्तरे तेवढी लक्ष देऊन ऐका.