उजेड आहे, आवाज कुठाय?

तुमच्या टीव्हीच्या मागे कधी डोकावून पाहिलंय? धूळ, वायरींचा गुंता आणि त्यात एक इवलंसं चौकोनी भोक. आतून लाल उजेड दिसतो. आपल्यापैकी बरेच जण त्याला फक्त घर बदलताना बघतात आणि टीव्ही पुन्हा भिंतीला टेकवतात.

त्याचं नाव ऑप्टिकल पोर्ट. तोशिबाने १९८३ मध्ये ते आणलं, म्हणून टॉसलिंक. गाणं विजेऐवजी उजेडातून पाठवायचं, एवढाच फंडा. एक छोटी एलईडी सेकंदाला लाखो वेळा लुकलुकते, तो उजेड मिलिमीटरभर जाडीच्या प्लॅस्टिकच्या धाग्यातून पलीकडे जातो आणि पलीकडचं मशीन त्याचा पुन्हा आवाज करतं. दोनच मशिनं असतील तर सगळं आलबेल. तिसरं जोडलं, की खरी मजा सुरू!

या उजेडाशी माझी गाठ पडली ती आजीमुळे. २००२ च्या दिवाळीत काकाने वाईच्या घरी तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. तो नुकताच जपानहून आला होता आणि खिशात मावणारा मिनीडिस्क रेकॉर्डर मिरवत होता. आजी २००४ मध्ये गेली. रेकॉर्डर नंतर बंद पडला. उरली ती एकच डिस्क, वर काकाच्या अक्षरात ‘आई’ लिहिलेली.

गेल्या वर्षी आत्याला कानाचं मशीन लागलं. आत्या अठ्ठ्याहत्तरची. ऐकू येणं दर वर्षी कमीच होणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. घरी येताना रिक्षात ती सहज म्हणाली, “अगं, आईचा आवाज कसा होता, ते आता आठवत नाही बघ मला.” त्यापुढे काय बोलणार?

माझा एक मित्र नाटकांचं साउंड बघतो. त्याने कुठूनतरी मिनीडिस्कचा एक जुना डेक पैदा केला. डेक म्हातारा, अर्ध्या तासात तापायचा आणि अडखळायचा. म्हणजे वेळ मोजकाच. आत्या मोबाइलवर काही ऐकत नाही, तिचा भरवसा सीडी प्लेयरवर. म्हणून मित्राने साखळी लावली. डेकमधून ऑप्टिकल केबल सीडी रेकॉर्डरला, तिथून दुसरी केबल ऑडिओ इंटरफेसला आणि तिथून यूएसबीने लॅपटॉपला. एकाच वेळी आत्याची सीडीही होणार आणि बाकीच्यांसाठी फाइलही.

“साध्या वायरीने का नाही जोडत?” मी विचारलं. तो म्हणाला, “अगं, त्यात घूंऽऽ येते. दोन मशिनं दोन प्लगवर असली, की वायरीतून विजेची गुणगुण शिरते. उजेडात वीजच नाही, तर गुणगुण कुठून येणार?” पटलं. बटण दाबलं आणि...

शांतता. लॅपटॉपवर सरळ रेघ.

अशा वेळी आपण काय करतो? सगळ्या वायरी एकदम ओढतो, सगळं बंद करून पुन्हा चालू करतो, दोन शिव्या घालतो. मित्राने यातलं काहीच केलं नाही. “शेवटाकडून शोधायचं नाही, उगमाकडून यायचं. आणि एका वेळी एकच कडी,” म्हणाला. त्याने डेकलाच हेडफोन लावला आणि माझ्या कानावर ठेवला. जात्याची घरघर आणि त्यावर आजी! वीस वर्षांनंतर. मला पुढचं ऐकायचं होतं, पण त्याने हेडफोन काढूनच घेतला. “पहिली कडी ओके. पुढे चला.”

दुसरी कडी केबल. तिचं पलीकडचं टोक उपसून तळहातावर धरायचं. मशीन चालू असेल, तर गाणं थांबलेलं असतानाही लाल ठिपका दिसतो. आमच्या ठिपक्यात जीवच नव्हता. दौऱ्याच्या बॅगेत केबल कुठेतरी करकचून वाकली होती. तांब्याची वायर कशीही कोंबा, चालते. हा धागा कोनात मुडपला की उजेड गळतो. नव्या केबलच्या टोकांवर प्लॅस्टिकची पारदर्शक टोपणं असतात, तीही आधी काढावी लागतात. आमची केबल बदलली आणि सीडी रेकॉर्डरचा मीटर नाचू लागला.

लॅपटॉप मात्र अजून गप्प. उजेड येतोय, आवाज नाही. इथे खरी गंमत कळली. त्या एकाच आकाराच्या भोकातून दोन वेगळ्या भाषा जातात. घरातली मशिनं बोलतात ती एसपीडीआयएफ, तिच्यात स्टिरिओचे दोन चॅनल. स्टुडिओतली बोलतात ती एडॅट, तिच्यात ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनल. केबल तीच, उजेड तोच, पण एकीची भाषा दुसरीला अजिबात कळत नाही. इंटरफेस कंपनीतूनच एडॅटवर लावून आला होता. सेटिंग बदललं आणि रेघ हलली. आम्ही टाळ्या दिल्या!

दहा सेकंदांत टाळ्या थांबल्या. आजीच्या आवाजात मधूनच ‘टक’ वाजत होतं. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक’.

हा आजार सगळ्यांत फसवा, कारण सगळं चालू आहे असंच वाटतं. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० ठिपके. ते मोजायला प्रत्येक मशिनात स्वतःचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं तंतोतंत कधीच जुळत नाहीत. दहा लाखांत फक्त दहाचा फरक असला, तरी साधारण सव्वादोन सेकंदांनी एक ठिपका जास्त तरी होतो किंवा कमी तरी पडतो. तोच तो ‘टक’. तुम्ही ढोल-ताशा पथकात असाल, तर हे लगेच कळेल. ताल ताशाने धरायचा, ढोलांनी त्याच्या मागे जायचं. प्रत्येक ढोल आपापला ताल धरू लागला, तर मिरवणुकीचं काय होईल? साखळीतही घड्याळ एकाचंच, बाकीच्यांनी ऐकायचं. इंटरफेसच्या मेनूत क्लॉक ‘इंटर्नल’ होतं, ते ‘ऑप्टिकल’ केलं. टकटक गायब.

तोवर डेक तापला होता. तासभर पंख्याखाली ठेवला आणि मग पहिल्यापासून सुरुवात केली. आणखी एक कुलूपही सांभाळायचं होतं. घरगुती डिजिटल मशिनांत कॉपीवर बंधन असतं. माइकवरून केलेल्या रेकॉर्डिंगची एक डिजिटल कॉपी होते, त्या कॉपीची पुढे होत नाही. म्हणून आत्याची सीडी थेट डिस्कवरूनच व्हायला हवी होती. झाली, बावीस मिनिटांची.

आत्याने ती कानाचं मशीन काढून, मोठे हेडफोन लावून ऐकली. आम्ही समोर बसून नुसते तिचा चेहरा बघत होतो. संपल्यावर म्हणाली, “आई मधेच खोकलीय. तेव्हा तिला बरं नव्हतं. ते काढू नका हं.” नाही काढलं.

तुमच्या घरी एवढी मोठी साखळी नसेल, पण सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि साउंडबार तर असेल? मॅचच्या दिवशी साउंडबार मुका झाला, तर तळहातावर उजेड बघा. उजेड असेल, तर टीव्हीच्या ऑडिओ मेनूत जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा. टीव्ही डॉल्बी पाठवत असतो आणि जुन्या साउंडबारला ते कळत नाही, हे दुखणं हमखास सापडतं.

आणि कपाटात एखादी मिनीडिस्क पडली असेल, तर पुढच्या लाँग वीकेंडची वाट बघू नका. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या मिनीडिस्क बनवणंही थांबवलं. चालू डेक दिवसेंदिवस कमीच होणार. डिस्क टिकेल हो, पण ती वाजवणारं मशीन आणि ती ऐकायची वाट बघणारं माणूस, दोघंही आज आहेत. या रविवारी कपाट उघडाच.