दुपदरी

मराठीतला ‘पदर’ हा शब्द मोठा कामसू आहे. लुगड्याचे टोक म्हणजे पदर, दोरा ज्या धाग्यांच्या पिळाने होतो त्यातला प्रत्येक धागा म्हणजे पदर, आणि घडीच्या पोळीला सुटतो तोही पदरच. समीक्षेत आपण कवितेच्या अर्थाचे पदर उलगडतो. या साऱ्या वापरांत एक गृहीत धरलेले असते : पदर एकाखाली एक असतात, आणि वरचा बाजूला सारला की खालचा दिसतो. खालचा तो अधिक खरा, असेही आपण बहुधा मानून चालतो. गेल्या हिवाळ्यात आईसाठी गरम भांडे उतरवायचे एक जाड, चौकोनी फडके विणताना मात्र पदरांचे नाते निराळे असू शकते हे हातांना कळले.

फडक्याचे निमित्त सुखाचे नव्हते. आई बुलढाण्याला राहते. अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावरचे हे गाव. खाली मलकापूर-नांदुऱ्याकडे उन्हाने जीव नकोसा होतो तेव्हाही इथे संध्याकाळी वारा असतो, आणि थंडीत स्वेटर लागतो. आईच्या पिढीतल्या कितीतरी बायका त्यामुळे विणकाम करीत. आई तर सुयांकडे न पाहता विणायची. टाका मोजायचे काम बोटांच्या टोकांकडे होते. ती टोकेच आता बधिर झाली आहेत. वीस वर्षांच्या मधुमेहाने आधी तळपायांची जाण नेली, मग बोटांची. विणणे थांबले. स्वयंपाक थांबला नाही. पातेले ती पदराने धरून उतरवते, आणि चटका बसला हे तिला फोड दिसल्यावर समजते. त्यात हल्लीच्या साड्यांचे पदर सुती नसतात. गॅसच्या आचेशी त्यांची गाठ पडू नये एवढीच प्रार्थना करावी.

सांडशी तिने नाकारली. सांडशीची पकड घट्ट बसली की नाही, हे सांगणारी बोटेच उरली नव्हती. विकतचे हातमोजे ‘परक्याचे हात’ म्हणून खुंटीला गेले. तेव्हा तिच्याच विद्येतले काही करावे असे ठरवले.

पहिला प्रश्न धाग्याचा होता. दुकानांत लोकर म्हणून मिळते ती बहुधा ॲक्रिलिकची असते, आणि ती उष्णतेने वितळते. गरम भांड्याला सूतच हवे. आपल्या जिल्ह्यात सूत हा काही साधा शब्द नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा लोहमार्ग आला तो इथला कापूस उचलण्यासाठीच. त्याच खामगावातून मी जाड सुती दोऱ्याच्या गुंड्या आणल्या, एक पांढरी आणि एक गडद निळी.

दुसरा प्रश्न जाडीचा. एकेरी विणीतून आच लागते. म्हणून दुपदरी वीण, इंग्रजीत जिला ‘डबल निटिंग’ म्हणतात ती, शिकायला घेतली. तत्त्व सोपे आहे. ३६ घरांची रुंदी हवी असेल तर सुईवर ७२ टाके घ्यायचे. पहिला टाका सुलट, पांढऱ्या धाग्याने. तो घालताना दोन्ही धागे मागे. दुसरा उलट, निळ्या धाग्याने. तो घालताना दोन्ही धागे पुढे. असे जोडीजोडीने ओळ संपवायची. समोर पांढरे कापड तयार होते आणि त्याच वेळी, त्याच सुईवर, पाठीमागे निळे. उलट टाका मागच्या बाजूने सुलटच दिसतो. म्हणून दोन्ही बाजू सुलट येतात. दोऱ्यांची टोके, गाठी, सारे मधल्या पोकळीत जाते. ४८ ओळींच्या या चौकोनात ३४५६ टाके होतात, आणि प्रत्येक टाक्याला दोन्ही धागे पुढे-मागे न्यावे लागतात. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे.

साहित्याच्या वाचकांना ही युक्ती भेटलेली आहे. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’च्या उपसंहारात ॲना माकारोव्हना नावाची वृद्धा एकाच सुयांवर दोन मोजे एकदम विणते आणि पुरे झाले की मुलांसमोर मोठ्या ऐटीने एकातून दुसरा ओढून काढते. युद्धाच्या हजारभर पानांनंतर घर पुन्हा घर झाले आहे, हे सांगायला टॉलस्टॉयला ही एवढी गंमत पुरते. मोजे सुटे होतात, कारण त्यांच्या धाग्यांनी एकमेकांची जागा कधी घेतलेलीच नसते. दोन पदर जन्मभर लगटून राहिले, तरी देवघेव झाली नाही तर ते केव्हाही अलग होतात.

त्यांना जोडायचे असेल तर रंगांची अदलाबदल करावी लागते. पुढचा टाका निळ्याने घातला की जोडीचा मागचा पांढऱ्याने. त्या ठिकाणी दोन्ही कापडे एकमेकांत अडकतात. म्हणजे नक्षी हा इथे नुसता अलंकार नसून तोच सांधा असतो. मी मधोमध एक वर्तुळ घेतले. मनात लोणारचे विवर होते. आईचे माहेर त्या बाजूचे. एका अंगाने पांढऱ्यात निळे वर्तुळ, दुसऱ्या अंगाने निळ्यात पांढरे. दोन्ही पदर जुळलेले आहेत ते चारी कडांना आणि या वर्तुळाच्या काठावर. बाकी सगळीकडे ते सुटे आहेत आणि त्यांच्यामध्ये हवा आहे. आचेपासून हात वाचतो तो सुताच्या जाडीइतकाच या हवेमुळे. सगळीकडून गच्च शिवलेले असते तर भांड्याची आच हाताला लवकर पोचली असती. आई आणि मुलगी यांच्यातही सांध्याइतकेच हे अंतर लागते, असे विणताना अनेकदा मनात आले.

आईने फडके हातात घेतले आणि सवयीने उलटे केले. विणणाऱ्या बायका दुसरीचे काम असेच पाहतात. गुण-दोष पाठीमागे असतात. तिने ते पुन्हा उलटे केले. “याची उलटी बाजू कोणती?” नाही, म्हटल्यावर तिने चष्मा लावून कडा तपासल्या, आणि मग पांढऱ्या वर्तुळावर बोट ठेवून माहेरच्या बोलीत म्हणाली, “हे त भाकर हाय.” लोणारचा विषय मी काढलाच नाही. भाकर निळ्या तव्यावर होती आणि ती पूर्ण गोल होती. तिच्या वाचनात उणे काढावे असे काही नव्हते.

तेव्हापासून ती निळे अंग भांड्याकडे धरते आणि पांढरे हाताकडे. बोटांना कळत नाही, म्हणून डोळ्यांनी ठरवलेली ही शिस्त. चार महिन्यांत निळ्यावर काजळीचा तपकिरी डाग धरला आहे आणि पांढऱ्यावर हळदीची बोटे उमटली आहेत. विणीने ठेवली नव्हती ती उलट-सुलट बाजू वापराने ठरवून दिली. बोटांवर नवा फोड अद्याप दिसलेला नाही. दर रविवारी मी फोनवर आधी तेच विचारते.