बर्फांतल्या गांवाची रात्र

जपानांतील नोझावा ओन्सेन या गांवीं दिवसभर लोक बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळतात. पण गांव खरें भेटतें तें रात्रीं. पानगृहांतला कल्लोळ मागें टाकून चार पावलें गेलें, कीं गंधकाचा वास येतो. येथें १३ सार्वजनिक स्नानगृहें आहेत. त्यांची झाडलोट गांवकरी पाळीपाळीनें करतात. पाहुण्यांसाठीं फक्त दानपेटी. ओगामा कुंडाच्या सुमारें ९० अंशांच्या पाण्यांत ते भाज्याही उकडतात. १९९८ सालच्या ऑलिंपिकमधील बायथलॉनच्या शर्यती येथें झाल्या. आतां परदेशी पाहुणे पुष्कळ येतात; त्यांचा पैसा गांवाला हवाच. मला चिंता वाटते ती एवढीच: उद्यां झाडू कोण धरील? तरुण हात शहरांत गेले, तर वाफ उरेल. पण परक्याला शेजारीं बसवून घेणारें घर उरणार नाहीं.