पाणी पाहायला जैसलमेरला

मराठी माणसाचा वाळवंटाशी संबंध तसा बेताचाच. ‘वाळवंट’ म्हटले की आपल्याला आधी पंढरपूर आठवते. चंद्रभागेचे वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू, पाण्याला बिलगून असलेली. उंट तर आपल्याला भाषेतच भेटतो. एक उंटावरचा शहाणा, आणि दुसरे ते उंटावरून शेळ्या हाकणारे गृहस्थ. एवढ्या भांडवलावर आम्ही सहकुटुंब थरच्या वाळवंटात जायचा बेत केला, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आमच्यावर सल्ल्यांचा जो पाऊस पाडला, तेवढा जैसलमेरला अख्ख्या वर्षात पडत नसेल!

एका सहल कंपनीने पाठवलेला कार्यक्रम वाचनीय होता. सकाळी किल्ला, दुपारी हवेल्या, चार वाजता समच्या वाळूच्या टेकड्या, अर्धा तास उंट, मग सूर्यास्त, जीपगाडीची वाळूवरची कसरत, तंबू, नाच, जेवण, शेकोटी. सूर्यास्तही दरपत्रकात धरलेला पाहून धाकटीने विचारले, “बाबा, ढग आले तर पैसे परत मिळतात का?” सौ.चा आक्षेप अधिक मूलगामी होता. “कर्ण्यावर हिंदी गाणी लावून नाचच पाहायचा, तर आपल्या कोपऱ्यावरचा गणपती काय वाईट?”

पण काय टाळायचे हे ठरले म्हणजे बेत होत नाही. काय पाहायचे तेही ठरवावे लागते. माझ्या मदतीला आले एक पुस्तक. अनुपम मिश्र यांचे ‘राजस्थान की रजत बूंदें’ १९९५ साली निघाले. त्यात एक गोष्ट अशी आहे की भाषेच्या मास्तराने ती वाचून खुर्चीतून उठावे. त्या मुलखातले लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे साठवलेले ते पालर पाणी. खोल विहिरीतले, बहुधा खारट, ते पाताळ पाणी. आणि ह्या दोहोंच्या मधले, वाळूत ओलाव्याच्या रूपाने अडकून राहिलेले, ते रेजाणी पाणी. वर्षाला सरासरी दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात पाण्याला तीन नावे! आमच्याकडे मुठेला पूर आला तरी आम्ही पाण्याला पाणीच म्हणतो. त्याच रात्री जेवताना मी जाहीर केले, “वाळू पाहायला नाही, पाणी पाहायला जायचे.” थोरल्याने आईकडे पाहिले. आईने वाटीत आमटी वाढली. ठराव मंजूर झाला.

काळ निवडला नोव्हेंबरअखेरचा. नाताळची गर्दी टळते, ऊन सोसवते, आणि पावसाळ्यात अडवलेल्या पाण्यावर त्या सुमारास शेत उभे राहू लागते. जोधपूरहून जैसलमेरला जाणारी रेल्वे फलोदीवरून जाते. तेथे उतरून आम्ही खीचन गाठले. करकोच्यांच्या जातीचे, राखी अंगाचे, काळ्या गळ्याचे पक्षी तेथे हिवाळ्यात हिमालयापलीकडून हजारोंनी येतात. गावकरी त्यांना ‘कुरजां’ म्हणतात आणि रोज पहाटे कुंपण घातलेल्या एका पटांगणात धान्य टाकतात. दाणे टिपून झाले की पक्षी गावच्या तळ्यांवर उतरतात. २०२५ साली ह्या जागेची नोंद रामसर करारातील पाणथळांच्या यादीत झाली. वाळवंटातले खेडे आणि नोंद पाणथळ म्हणून! सहलीचा श्रीगणेशा झाला.

जैसलमेरचा किल्ला न पाहणे हा करंटेपणा ठरला असता. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेला हा पिवळ्या दगडाचा गड अजून नांदता आहे. आत घरे आहेत, मंदिरे आहेत, धुणी वाळत असतात. मात्र आम्ही मुक्काम गडाखाली गावात केला. कारण असे, की हा गड उभा आहे तो मऊ, पाणी पिणाऱ्या खडकमातीवर. शेकडो वर्षे वरच्या माणसांनी पाणी घागरीने आणले आणि ओंजळीने वापरले. पुढे नळ आले, पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या, प्रत्येक खोलीला न्हाणीघर झाले, आणि सांडपाणी पायात मुरू लागले. १९९० नंतरच्या दशकात काही बुरूज ढासळले. शत्रूंच्या वेढ्यांतून उरलेल्या वास्तूला प्रवाशांच्या अंघोळी भोवाव्यात, हे मला तरी उंची दालनात झोपून विसरता आले नसते.

गडाच्या पायथ्याशी घडसीसर आहे, चौदाव्या शतकात रावळ घडसीने सिद्ध केलेला तलाव. एके काळी सारे शहर ह्याचेच पाणी पीत असे. आता त्यात होड्या चालतात. आम्ही होडी न घेता पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचे हे ओसाड गाव शहरापासून अठराएक किलोमीटरवर आहे. दिवाण सालिमसिंगाच्या जुलमाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत उठून गेली आणि जाताना शाप देऊन गेली, अशी दंतकथा आहे. हल्ली तिला भुतेही चिकटली आहेत. ‘साहेब, रात्री येथे कोणी थांबत नाही,’ असे वाटाड्या म्हणाला. दिवसा मात्र थांबायला जागा नव्हती! आम्ही भुते सोडून खडीन पाहायला गेलो. खडीन ही पालीवालांची खरी करामत. उताराच्या खडकाळ माळावरून वाहून येणारे पावसाचे पाणी खालच्या अंगाला लांबच लांब मातीचा बांध घालून अडवायचे. पावसाळाभर तेथे तळे साचते. ते मुरले की त्याच ओलीवर गहू नाहीतर हरभरा पेरायचा. पुन्हा पाणी म्हणून द्यायचे नाही. आम्ही गेलो तेव्हा गहू वीतभर झाला होता. मैलोगणती करड्या दगडमातीत तो हिरवा तुकडा पाहून सौ. बांधावर बसूनच राहिली.

राहता राहिला उंट. थोरल्याचे मत, उंटावर बसणे हा अस्सल पर्यटकी थाट, तो नकोच. धाकटीचे मत, उंट नसेल तर ती येथूनच परत जाणार. प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू केले, पुढच्याच वर्षी त्याच्या कत्तलीवर आणि राज्याबाहेर नेण्यावर बंधने घालणारा कायदा केला, आणि तरीही २०१९ च्या पशुगणनेत उंट घटलेलेच निघाले. ओझे ट्रॅक्टर वाहतो, माणसे जीप वाहते. मग राखणाऱ्याने उंट राखावा कशासाठी? तोडगा निघाला तो असा: अर्धा तास बसायचे नाही, बसायचे तर दिवसभर, आणि तेही समच्या गर्दीत नाही. रामगढच्या बाजूच्या एका ढाणीतून, म्हणजे वाडीतून, दोन उंट आणि त्यांचा धनी ठरवला.

धनी साठीचा, मोजके बोलणारा. थोरल्याचा आक्षेप मी त्याला सांगितला तेव्हा तो हसला. “मास्टरजी, फोटोंनी उंटाचं पोट भरत नाही. पण फोटो काढायलाही कोणी आलं नाही, तर काहीच भरत नाही.” थोरला त्यानंतर निमूट उंटावर चढला. दुपारी खेजडीच्या सावलीत बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी आणि ताक झाले. ताटे त्याने वाळूने घासली, फडक्याने पुसली. पाण्याचा थेंब लागला नाही, आणि आमच्या घरच्या ताटांपेक्षा ती स्वच्छ होती. (हे सौ.च्या ऐकण्यात मी बोललो नाही.)

जेवणानंतर त्याने आपली कुई दाखवली. तोंड इतके अरुंद, की लाकडी झाकणाने झाकावे. खाली खडूसारख्या दगडाचा थर असतो. तो पावसाच्या गोड पाण्याला खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. वाळूतला ओलावा थेंबाथेंबाने कुईत उतरतो. हेच ते रेजाणी पाणी. कुई घराची, पण नवी खणायची तर गावाची संमती लागते, कारण वाळूतली ओल सगळ्यांची. आता ढाणीत नळ आला आहे, त्यामुळे शेजारच्या बऱ्याच कुया वाळूने भरत चालल्या आहेत, आणि खणणारे कसबी चेजारेही आता फारसे भेटत नाहीत, असे तो म्हणाला. “आणि नळ आटला तर?” मी विचारले. त्याने झाकण बाजूला केले आणि छोटी बादली आत सोडली.

पाणी गार होते, गोड होते. धाकटीला ते आजीसाठी घरी न्यायचे होते. तिने बाटली पुढे केली. त्याने ती अर्धी भरून परत दिली.

“पूर्ण नाही?” तिने विचारले.

“आता एवढंच आहे, बेटा. संध्याकाळपर्यंत थांबलीस तर उरलेली भरतो.”

आम्ही उंट सोडले आणि थांबलो.