जाळ्याची गाठ

मराठीत ‘कोळी’ हा शब्द दोघांना मिळून एकच आहे आणि दोघांच्याही हाती जाळे आहे. दर्यावरच्या कोळ्याचे जाळे घर पोसते. आढ्याच्या कोपऱ्यातील कोळ्याचे जाळे जीव अडकवते. अलीकडे आमच्या वसईतील घरांत तिसऱ्या प्रकारचे जाळे येऊ लागले आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, हातांना लागत नाही. पण त्याविना तरुणांचे पान हलत नाही. त्याला ‘मेश वाय-फाय’ म्हणतात. हे जाळे पोसणारे की अडकवणारे, हे बरेचसे ते निवडताना आणि बसवताना ठरते, असे आम्हांस वाटते.

धर्मगुरूने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, मंदिरांची दारे बंद झाली आणि मिस्सा फोनच्या पडद्यावरून घरोघरी पोहोचवण्याची पाळी आमच्यावर आली. वेदीपाशी तारांचा गुंता आणि त्या गुंत्यात आम्ही, असे ते दिवस होते. तेव्हापासून ही विद्या थोडीफार शिकावी लागली. आता घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो, की पवित्र पाणी शिंपडून झाल्यावर घरचा मुलगा हळूच विचारतो, “फादर, मेश कोणती घेऊ?” त्या सर्वांना एकत्रित उत्तर म्हणून हा लेख.

प्रथम दुखणे समजून घ्यावे, मग औषध. वाय-फाय म्हणजे रेडिओलहरी. आपल्या घरांत त्या मुख्यतः दोन पट्ट्यांत वाहतात: 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यातील लहर साधारण साडेबारा सेंटीमीटर लांबीची. ती भिंतीतून बऱ्यापैकी पलीकडे जाते, पण तिच्या वाटेवर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे तिथेच. दुसऱ्या पट्ट्यातील लहर सुमारे सहा सेंटीमीटरची. ती वेगवान आहे, पण भिंत दिसली की लवकर दमते. आमच्याकडील जुन्या वाडीतील घर म्हणजे दगडी जाड भिंती, मागाहून बांधलेला सिमेंटचा वरचा मजला, दारामागे लोखंडी कपाट आणि त्यावर आरसा. धातू लहर परतवतो, पाणी ती शोषून घेते आणि दगडी भिंत तिला अर्धमेली करून सोडते. राउटर मात्र बसवलेला असतो रस्त्याकडच्या खिडकीपाशी, कारण फायबरची तार आणणाऱ्याला तीच जागा सोयीची पडली. मग मागील खोल्यांत अंधार पडल्यास नवल ते काय?

म्हणून आम्ही विचारणाऱ्याला दुकानात जाण्याआधी घरात फिरायला सांगतो. लहरीचा जोर मोजणारी ॲप्स फोनवर मिळतात. त्यांतील आकडा उणे असतो आणि तो जितका शून्याजवळ, तितकी लहर जोरकस. उणे 50 म्हणजे उत्तम; उणे 67 पर्यंत व्हिडिओवरील संभाषण बहुधा सुरळीत चालते; उणे 80 च्या पलीकडे केवळ आशा उरते. प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर मांडावा. नंतर राउटर घराच्या मध्याजवळ, जमिनीपासून उंच, कपाटांपासून दूर हलवून पाहावा. कित्येक घरांचे दुखणे एवढ्यावरच बरे होते, पैसा वाचतो. एकच खोली उरली असेल, तर तिथवर नेटवर्कची तार ओढून टोकाला साधा ॲक्सेस पॉइंट बसवावा. तांब्याची अशी तार शंभर मीटरपर्यंत निर्धास्त चालते आणि चांगल्या प्रतीची असेल तर सेकंदाला हजार मेगाबिट वाहून नेते.

यानेही भागले नाही, तर मेश. यात एका मोठ्या राउटरऐवजी दोन-तीन लहान डब्या घरभर ठेवतात. त्यांना नोड म्हणतात. सर्वांचे नाव एक, परवलीचा शब्द एक. आपण ओटीवरून माजघरात गेलो की फोन एका नोडचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. घरगुती वापरासाठी असे संच 2016 च्या सुमारास बाजारात रुळू लागले. त्यापूर्वीचा स्वस्त उपाय म्हणजे एक्स्टेंडर. तो एकाच रेडिओने ऐकतो आणि त्याच रेडिओने पुढे सांगतो. त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. मेशचे सारे मर्म या एकाच प्रश्नात आहे: नोड आपापसांत कोणत्या वाटेने बोलतात? या वाटेला ‘बॅकहॉल’ म्हणतात. दोन पट्ट्यांच्या संचात तीच वाट घरातील फोनही वापरतात. तीन पट्ट्यांच्या संचात एक पट्टा बहुधा नोडांच्या आपसातील बोलण्यासाठी राखून ठेवता येतो. दोन नोड तारेने जोडता आले, तर त्याहून उत्तम काही नाही. घराचे काम निघाले असेल, तर गिलाव्यापूर्वी भिंतीतून रिकामी नळी टाकून ठेवावी, असे आम्ही आवर्जून सुचवतो.

नोड कुठे ठेवावा, याबाबत बहुतेकांचा कल चुकीच्या दिशेने जातो. जिथे लहर नाही, तिथेच ते नोड नेऊन ठेवतात. पण ज्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? नोड ठेवावा वाटेच्या मध्ये, जिथे पहिल्याचा आवाज अजून स्पष्ट ऐकू येतो आणि जिथून पुढची अंधारी खोली हाकेच्या अंतरावर आहे. एकामागून एक नोडांची लांब साखळी करण्यापेक्षा मध्यवर्ती राउटरभोवती ते चांदणीसारखे ठेवावेत. कारण हवेतील प्रत्येक उडीला थोडा वेग खर्ची पडतो. बहुतेक घरांना दोन नोड पुरतात. अधिक नोड म्हणजे अधिक सुख, असे नाही. फार जवळ ठेवलेले नोड एकमेकांच्या बोलण्यात बोलतात.

दुकानदार आकड्यांनी भुरळ घालतो. ‘वाय-फाय 6’ चे प्रमाणन 2019 मध्ये सुरू झाले, ‘वाय-फाय 7’ चे 2024 च्या जानेवारीत. परंतु घरात येणारी तारच शंभर मेगाबिटची असेल, तर खोक्यावरील हजारोंचा आकडा घेऊन इंटरनेट काही धावणार नाही. विहिरीत जेवढे पाणी, तेवढेच पोहऱ्यात. परदेशातील नातलग प्रेमाने संच आणतात, त्यांच्यासाठीही एक सूचना. कोणता पट्टा कुठे मोकळा, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. भारताने 5 गिगाहर्ट्झचा विस्तृत भाग 2018 मध्ये परवानामुक्त केला. 6 गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठीच्या नियमांचा मसुदा 2025 च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. अमेरिकेने तो पट्टा 2020 मध्येच खुला केला होता. तेव्हा तिथला संच इथल्या नियमांत बसतो का, हे पाहूनच आणावा. दोन निराळ्या कंपन्यांचे नोड एकत्र नांदतील, हेही गृहीत धरू नये. त्यासाठी 2018 मध्ये ‘ईझीमेश’ नावाचे सामाईक प्रमाणन निघाले, पण सर्व उत्पादकांनी ते स्वीकारलेले नाही. शेवटी तीन गोष्टी पाहाव्यात: सुरक्षेची डब्ल्यूपीए 3 पद्धत आहे का, कंपनी किती वर्षे सुधारणा पाठवणार आणि मुलांच्या वेळेवर नियंत्रण ठेवण्याची सोय फुकट आहे की दरमहा पैसे मोजून. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा प्रत्येक नोडला बॅटरीचा आधार लागतो, हेही हिशेबात धरावे.

इथवरचे सारे यंत्राचे झाले. आता माणसांचे.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी जातो. आमच्या धर्मग्रामातील एका मोठ्या घरात मागच्या पडवीलगतच्या खोलीत एक आजी अंथरुणाला खिळून आहेत. कमरेचे हाड मोडल्यापासून त्यांचे जग त्या चार भिंतींएवढे झाले. लेक कुवेतमध्ये परिचारिका. रोज संध्याकाळी तिचा फोन येई. पण खोलीत लहर पोहोचत नसल्याने कोणीतरी नातू आजींना खुर्चीत बसवून ओटीवर आणी, फोन त्यांच्यापुढे धरून उभा राही. रविवारची मिस्सादेखील तशीच. कधी नातू कंटाळे, कधी सून चिडे. अखेर घरच्यांनी मेश घेतली. दुसरा नोड माजघरात, अल्तारच्या बाजूच्या फळीवर ठेवला आणि आजींच्या खोलीत लहर आली. खाटेसमोर एक पडदा बसवला. सर्वांना हायसे वाटले, आम्हांलाही.

तीन महिन्यांनी आम्ही आजींना विचारले, “आता मिस्सा नीट दिसते ना?”

त्या म्हणाल्या, “दिसते, फादर. ऐकूही येते. पण शांतीचा हात द्यायला कोण नाही. आधी फोन धरायला तरी कोणतरी येत होतं.”

आम्ही निरुत्तर झालो. यंत्राने आपले काम चोख केले होते. आजींपर्यंत लहर पोहोचली होती. आणि ती पोहोचली म्हणूनच माणसे पोहोचेनाशी झाली होती. यात कोणाची दुष्टता नव्हती. जे ओझे उतरवण्यासाठी पैसे खर्च केले, त्याच ओझ्यात आजींची भेट बांधलेली होती, एवढेच.

त्या दिवशी आम्ही घरच्या सर्वांना थांबवून घेतले आणि आजींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. उपदेश केला नाही. त्याची गरजही पडली नाही. धाकटी नात म्हणाली, “रविवारी मी बसेन आजीजवळ.” थोरल्या मुलाने रोझरीची प्रार्थना माजघरातून आईच्या खोलीत हलवली. रात्री साडेआठ ते नऊ सर्वांचे फोन इंटरनेटविना राहतील, अशी व्यवस्था त्याने त्याच संचात करून घेतली. संचात ही सोय पहिल्या दिवसापासून होती. ती वापरण्याचे कारण मात्र आजींनी दिले.

ख्रिस्तसभेला बिनतारी संदेशाचे वावडे कधीच नव्हते. 1931 च्या 12 फेब्रुवारीस परमगुरू पायस अकरावे यांनी व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन केले. ते केंद्र स्वतः मार्कोनी यांनी उभारले होते. आजारपणामुळे नाताळच्या रात्री मंदिरात जाऊ न शकलेल्या संत क्लारा यांना अंथरुणातूनच उपासना दिसली व ऐकू आली, अशी परंपरा आहे. म्हणून परमगुरू पायस बारावे यांनी 1958 मध्ये त्यांना दूरदर्शनाच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले. आणि तरीही 2002 साली व्हॅटिकनने इंटरनेटविषयी मार्गदर्शन केले, तेव्हा इंटरनेटवर साक्रामेंते नसतात हे स्पष्टपणे सांगितले. पडदा मिस्सा दाखवू शकतो. कम्युनियन घेऊन मात्र कोणाला तरी चालत जावे लागते. मेशच्या बाबतीत घराघराने हीच मर्यादा ओळखावी, असे आम्हांस वाटते.

पाचूबंदरला वा अर्नाळ्याला गेलेल्यांनी किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करीत बसलेली माणसे पाहिली असतील. जब्दीचे पुत्र याकोब आणि योहान हेही प्रभूची हाक आली तेव्हा हेच काम करीत होते. जाळे एकदा विकत घेतले म्हणजे संपत नाही. दर्यावरून परतल्यावर रोज त्याच्या गाठी तपासाव्या लागतात. घरातील जाळ्याचेही तसेच. तेव्हा जो मुलगा आम्हांस विचारतो, “फादर, मेश कोणती घेऊ?” त्याला आमचे उत्तर असे: दोन नोडांची, ऐपतीत बसणारी, जमल्यास तारेने जोडलेली घे. पण आधी फोन हातात धरून सगळ्या खोल्यांतून एकदा फीर, आकडे लिहून घे. आणि ज्या खोलीत आकडा सर्वांत वाईट येईल, तिथे कोणी राहत असेल तर घटकाभर बसून ये.