कय येस, कय जास

संमोहन हा शब्द काढला की मुलीची आई आधी मुलीकडे बघते, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांपुढे स्टेजवरचा खेळ असतो. कच्चा कांदा सफरचंद समजून खाणारा कोणी एक, आणि समोर हसणारी गर्दी. ‘ताई, पोरगी शुद्धीवर राहील ना?’ हा पहिला प्रश्न. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, ‘बाळाला काही होणार नाही ना?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि मी त्यांची उत्तरं घाईनं देत नाही. पोरगी शुद्धीवर राहते, हवं तेव्हा डोळे उघडते, दार वाजलं तर उठून उघडते. मन एका जागी लागतं आणि बाकीचं मागे सरतं, एवढंच घडतं. पोटातल्या बाळाला त्या वेळात आईचा संथ श्वास मिळतो.

मी प्रसूतिकक्षात परिचारिका होते. आता जळगावात, आणि अधूनमधून धुळ्यात, गरोदर मुलींना श्वास, शिथिलीकरण आणि स्वसंमोहन शिकवते. प्रसूतिकक्षातल्या रात्रपाळ्यांनी एक गोष्ट मनात पक्की बसवली. कळा देणारी बाई मुळातच अर्धी संमोहित असते. तिची नजर भिंतीवरच्या एखाद्या डागावर खिळते, किती वाजले याचं भान सुटतं, आणि कानावर पडलेलं वाक्य कुठेही न अडता आत उतरतं. अशा वेळी कोणी जाता जाता म्हणतं, ‘आत्ताच ओरडतेस? खरा त्रास तर पुढेच आहे.’ म्हणणारी दोन मिनिटांत विसरते. ऐकणारीच्या अंगात ते वाक्य पुढच्या प्रत्येक कळेबरोबर पुन्हा उठतं. काही ठिकाणी तर यापेक्षा वाईट टोमणे मी ऐकले आहेत, ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. तेव्हा संमोहन करावं की नाही हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ते होतच असतं. सूचना कोणाच्या तोंडून येते, हे पाहायचं. स्वसंमोहन शिकवायचं ते एवढ्यासाठी, की त्या घटकेला बाईजवळ तिची स्वतःची सूचना तयार असावी.

घरात बाळंतपणं होत त्या काळी बाई अडली की सुईण तिच्या केसांची गाठ सोडायला लावी, घरातली कुलपं उघडायला सांगे. कुलूप उघडल्यानं गर्भाशयाचं तोंड उघडत नाही. पण सगळं घर आपल्यासाठी मोकळं होतंय हे बघणाऱ्या बाईचं अंग सैल पडत असणार, असं मला नेहमी वाटतं. म्हणून मी त्या काळाचे गोडवे गाते असं कोणी समजू नये. रक्तस्राव सुरू झाला की सुईणीच्या हातात काही उरत नसे, आणि बायका मरत. महाराष्ट्रात मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२०मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ वर आलं होतं, ते दवाखान्यामुळे, रक्तपेढीमुळे, वेळेवर मिळालेल्या गाडीमुळे. शिथिलीकरण यातल्या कशाचीही जागा घेत नाही.

संमोहनविद्येचा लिखित इतिहास बायकांच्या बाळंतपणापासून सुरू होत नाही. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यविशारदानं १८४३मध्ये संमोहनावर पुस्तक लिहिलं आणि जुन्या ‘मेस्मेरिझम’ला शास्त्राच्या वाटेवर आणलं. दोनच वर्षांनी, १८४५मध्ये, बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल हा डॉक्टर रोग्यांना त्या अवस्थेत नेऊन शस्त्रक्रिया करू लागला. मग ईथर आलं, १८४७मध्ये क्लोरोफॉर्म आलं, आणि शल्यकर्मात मनाच्या वाटेनं जाण्याची गरज संपली. बाळंतपणात ती वाट पुन्हा दिसली १९३३मध्ये. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरानं मांडलं की भीतीनं अंग आखडतं, आखडल्यानं दुखणं वाढतं, आणि वाढलेलं दुखणं भीतीला आणखी खतपाणी घालतं. पुढे सोव्हिएत संघात वेल्वोव्हस्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बायकांना आधीपासून तयार करण्याची पद्धत बसवली. १९५१मध्ये फ्रेंच डॉक्टर लमाझ ती बघून आला आणि पॅरिसात त्यानं ती सुरू केली.

डिक-रीडचं म्हणणं मी रोज पाहत आले. घाबरलेल्या शरीरात अॅड्रिनॅलिन चढतं. ते पळायला किंवा लढायला उपयोगी, पण कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा आणतं. घरून निघताना दर पाच मिनिटांनी येणाऱ्या कळा दवाखान्याच्या अनोळखी पलंगावर पंधरा मिनिटांवर गेलेल्या कितीदा पाहिल्या. नातेवाईक म्हणतात, ‘खोट्या कळा होत्या.’ खोट्या नव्हत्या. बाई घाबरली होती.

खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यानंतर पोरी सासरहून येतात आणि माझ्या वर्गाचा हंगाम भरतो तो उन्हाळ्यात. जळगावची मे महिन्यातली दुपार काय असते हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पारा ४५च्या पुढे, रस्ते ओस, घराघरांत कूलरची घरघर. मी त्या घरघरीचाच उपयोग करते. शांत खोली, मंद संगीत वगैरे सोय प्रसूतिकक्षात कोणी करून देणार नाही. सवय आवाजातच व्हायला हवी. गोधडी अंथरायची, डाव्या कुशीवर निजायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. दिवस भरत आले की उताणं निजू नये, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि चक्कर येते.

सुरुवात मुठीपासून. घट्ट वळायची, पाच मोजायचे, सोडायची. मग खांदे, कपाळ, दातांची कवळी, मांड्या, तळपाय. ही रीत अमेरिकेतल्या एडमंड जेकबसनची, १९२९ची. माझ्या वर्गात ती योगनिद्रेच्या अंगानं येते, कारण मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंदांनी बसवलेली योगनिद्रा मी आधी शिकले. सगळ्यात हट्टी असतो तो जबडा. पोरी म्हणतात, ‘सोडला ताई,’ आणि कानाखाली बोट ठेवून बघावं तर स्नायू टणक. मग मी त्यांना ओठ किंचित उघडे ठेवून लांब ‘हा’ सोडायला लावते. श्वास घेण्यावर माझा भर नाही. घाईघाईनं श्वास घेतले की बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. श्वास सोडायला शिकावं. घ्यायचं काम शरीर करतंच.

नंतर बर्फ. फ्रीजमधला एक खडा तळहातावर घ्यायचा आणि मोबाइलवर साठ सेकंद लावायचे. भरात आलेली कळ साधारण तेवढीच टिकते. पहिल्या वेळी काय होतं ते बघण्यासारखं असतं. दहाव्या सेकंदाला खांदे कानाशी येतात, विसाव्याला श्वास कोंडतो, तिसाव्याला ‘बस्स ताई’ म्हणून खडा वाटीत. जरा वेळानं दुसऱ्या हातावर दुसरा खडा. या वेळी डोळे मिटलेले, श्वास लांब सोडलेला, आणि लक्ष बर्फावरून काढून दुसऱ्या तळहातावर नेलेलं. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि साठ सेकंद होऊन जातात. ‘दुखलं का?’ विचारलं की बहुतेकींचं उत्तर एकच येतं. गार तितकंच होतं, पण आपण त्यात अडकलो नाही. हे मी समजावून सांगू शकले नसते.

मन न्यायचं तरी कुठे? पुस्तकातल्या सूचनांत समुद्रकिनारा असतो. यावल-रावेरकडच्या पोरीला समुद्राचं काय? तिला मी डोळे मिटून केळीच्या बागेत जायला सांगते. बाहेर ऊन रणरणत असताना बागेत शिरल्यावर अंगावर येणारा गारवा, पायाखालची ओल, पानांआडून आलेला हिरवा उजेड हे तिच्या अंगाला माहीत आहे, कल्पना करावी लागत नाही. शिरपूरकडची एक जण अनेर नदीच्या काठावर बसायची. एक होती तिला तिच्या आजीचं स्वयंपाकघरच हवं होतं, चुलीपुढची जागा. मी हरकत घेतली नाही. दहापासून एकपर्यंत उलटे आकडे मोजत तिथे उतरायचं, थांबायचं, आणि परत यायचं.

तिथे पोचल्यावर स्वतःला सांगायचं ते वाक्य मी देत नाही. माझ्या आवाजातल्या ध्वनिफितीही देत नाही, पुष्कळ जणी मागतात तरी. बाळंतपणाच्या रात्री मी तिथे नसणार, मोबाइल बाहेर कोणाच्या तरी पिशवीत असणार. वाक्य तिचंच हवं, छोटं हवं, आणि जी भाषा ती ठेच लागल्यावर बोलते त्या भाषेत हवं. धुळ्याच्या वर्गात एकीनं ते अहिराणीत केलं, ‘कय येस, कय जास, मी आठेच शे.’ कळ येते, कळ जाते, मी इथेच आहे. तेव्हापासून उदाहरण म्हणून मी ते सगळ्यांना ऐकवते. त्यात दुखणार नाही असा खोटा दिलासा नाही, आणि कळ जाते हे त्यातलं सगळ्यात खरं वाक्य आहे. तीन-चार मिनिटांनी येणारी कळ मिनिटभर राहते. उरलेला वेळ मोकळा असतो, आणि घाबरलेली बाई तोच पुढच्या कळेच्या धास्तीत घालवते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येऊन झोके घेतलेल्या पोरींना मी म्हणते, कळ झोक्यासारखी घ्या. वर चढताना पोटात खड्डा पडतो, अगदी टोकाला क्षणभर थांबतो, आणि मग झोका आपणहून परत येतो. त्याला कोणी ओढावं लागत नाही.

सोबत कोण असणार हे ठरवूनच वर्ग सुरू होतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं फेब्रुवारी २०१६मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एका बाईला थांबू द्यावं असं कळवलं, आणि पुढे प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ते आलं. सगळीकडे ते पाळलं जातं असं म्हणवत नाही. ज्या ठिकाणी पाळलं जातं तिथे आई आत असते. आईला मी दोनच कामं शिकवते. कळ चढली की लेकीच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि स्वतः लांब श्वास सोडायचा. बोलायचं नाही. आयांना हे फार जड जातं, कारण लेकीचं दुखणं बघून त्यांचं तोंड थांबत नाही आणि ‘दम धर, दम धर’ सुरू होतं. दम धरायचाच तर नसतो.

याचा उपयोग किती, हेही सांगते, कारण वाटेल ते दावे करणारे गावोगाव आहेत. इंग्लंडमध्ये ६८० पहिलटकरणींवर झालेला अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्याजणींना स्वसंमोहनाची दीड-दीड तासाची दोन सत्रं दिली होती. पाठीतून भूल घेणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं निघालं, २७.९ आणि ३०.३ टक्के. फरक पडला तो भीतीत आणि चिंतेत. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारलं तेव्हा शिकलेल्या गटात ती जास्त उतरलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८च्या मार्गदर्शनात वेदना हलक्या करण्यासाठी श्वास आणि शिथिलीकरण सुचवलं आहे, ते हवं असणाऱ्या निरोगी बायकांसाठी. वेदना नाहीशी करण्याचा शब्द मी म्हणूनच कोणाला देत नाही. आणि ज्या दवाखान्यात भुलेची सोय आहे तिथे ती घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्यावी.

काही जणींना मी संमोहनाचा भाग शिकवत नाही. पूर्वी तीव्र मानसिक आजार झाला असेल किंवा फिट येत असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं होतं. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून घोकून घेते. अंगावरून रक्त गेलं, पाणी हिरवट गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर डोळे मिटून बसायचं नाही. त्याच पावली दवाखाना गाठायचा.

माझ्याकडून शिकलेल्या एका मुलीचं ऐन वेळी सिझेरियन करावं लागलं, बाळाचे ठोके उतरत होते. नंतर तिची सासू मला म्हणाली, ‘मग एवढं शिकून काय मिळालं?’ मुलगीच आतून बोलली. पाठीत सुई देताना वाकून अजिबात हलायचं नव्हतं, तेव्हा तिनं बर्फाचे साठ सेकंद मोजले होते.

हल्ली धुळ्याच्या वर्गात काही तरुण परिचारिकाही येऊन बसतात. स्वसंमोहनापेक्षा त्यांना एवढंच हवं असतं की आपण काय बोलावं. मी त्यांना सांगते, कळेच्या भरात प्रश्न विचारू नका, ‘किती दुखतंय?’ तर मुळीच नाही. कळ ओसरल्यावर ‘ही गेली’ एवढं म्हणा. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडण्याआधी ‘जोर लाव’ म्हणू नका. नावानं हाक मारा, ‘ए बाई’ नको. मागे त्यांतल्या एकीनं विचारलं, ‘ताई, रात्री मी एकटी असते आणि चारही पलंगांवर कळा देणाऱ्या असतात. कोणाकोणाशी बोलू?’ प्रश्न खरा होता. मी त्या रात्री काढलेल्या आहेत. खोलीच्या मधोमध उभी राहून जरा मोठ्यानं, पण सावकाश, ‘सगळ्याजणी श्वास सोडा’ म्हण, असं तिला सांगितलं. जिची कळ चालू असेल ती सोडेल, जिची नसेल तीही सोडेल, आणि बोलताना तुझाही सुटेल. ‘मराठीत म्हणू का अहिराणीत?’ तिनं विचारलं. पलंगांवर कोण आहे ते बघून, म्हटलं. पावरी येत असेल तर तीही.